डॉ. हुलुसी बेहचेत : तीन व्याधींमागचा एक रोग

तोंड आले की माणूस दंतवैद्याकडे जातो, गुप्त जागी व्रण झाला की संकोचाने त्वचारोगतज्ज्ञाकडे, आणि डोळा लाल होऊन अंधुक दिसू लागले की नेत्रवैद्याकडे. तीन दवाखाने, तीन केसपेपर आणि तीन निराळी औषधे. या तिन्ही तक्रारी एकाच रुग्णाला पुन:पुन्हा होत असतील आणि त्यामागे एकच रोग असेल, अशी शंका घ्यायला कोणीतरी तिन्ही केसपेपर एकत्र ठेवून वाचावे लागतात. इस्तंबूलमधील एका त्वचारोगतज्ज्ञाने हे काम सुमारे बारा वर्षे चिकाटीने केले. डॉ. हुलुसी बेहचेत हे त्यांचे नाव. डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांना दाह होऊन ऐन तारुण्यात अंधत्व आणणाऱ्या एका रोगाला आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

डोळ्याच्या आतल्या मागील बाजूस दृष्टिपटल असते. कॅमेऱ्यातील फिल्मप्रमाणे त्यावर प्रतिमा उमटते. या नाजूक पटलाला अतिशय बारीक रोहिण्या आणि नीला रक्त पुरवतात व वाहून नेतात. शरीराच्या संरक्षक पेशी काही कारणाने या वाहिन्यांच्या भिंतींवरच चाल करून गेल्या, की भिंती सुजतात. त्यांतून द्रव आणि रक्त पाझरू लागते आणि वाहिन्यांभोवती पांढुरके वेष्टन दिसते. पुढे वाहिनी बुजली की तिच्यावर अवलंबून असलेला पटलाचा भाग रक्तावाचून सुकतो. यात बहुधा वेदना नसतात. डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा जाळी तरंगताना दिसते, नजर धूसर होते आणि एखादा कोपरा दिसेनासा होतो. दुखत नाही म्हणून रुग्ण थांबतो आणि तेवढ्या काळात नुकसान होऊन बसते. दृष्टिपटलाचा गेलेला भाग पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच या दाहाचे मूळ वेळेवर ओळखणे हा रुग्णाच्या दृष्टीने सारे आयुष्य ठरवणारा प्रश्न असतो.

दमास्कस, बैरूत आणि लष्करी शिक्षण

हुलुसी यांचा जन्म २० फेब्रुवारी १८८९ रोजी इस्तंबूल येथे झाला. त्या वेळी हे शहर ऑटोमन साम्राज्याची राजधानी होते. आई लहानपणीच वारली आणि मुलाचा सांभाळ आजीने केला. वडील अहमेद बेहचेत यांच्या व्यवसायानिमित्त कुटुंब दमास्कसमध्ये राहिले. जवळच्या बैरूतमधील फ्रेंच शाळेत हुलुसी यांचे आरंभीचे शिक्षण झाले. फ्रेंच, लॅटिन आणि जर्मन या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. पुढे आपले निष्कर्ष युरोपातील तज्ज्ञांपुढे त्यांच्याच भाषेत मांडताना हे भाषाज्ञान त्यांना फार उपयोगी पडले.

वैद्यक शिकण्यासाठी त्यांनी लष्करी वैद्यकीय शाळेचा मार्ग पत्करला आणि १९१० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते डॉक्टर झाले. त्यानंतर १९१४ पर्यंत गुलहाने लष्करी रुग्णालयात त्यांनी त्वचारोग आणि गुप्तरोग या विषयांत उमेदवारी केली. त्या काळी या दोन शाखा एकत्रच शिकवल्या जात. याचे कारण उपदंश, म्हणजे बोलीभाषेतील गरमी, हा रोग होता. १९०६ मध्ये त्याच्या निदानासाठी वासरमान यांची रक्तचाचणी आली होती आणि १९१० मध्ये त्यावर साल्व्हरसान हे औषध उपलब्ध झाले होते. त्वचेवर, हाडांत, मेंदूत, डोळ्यात, कोठेही आणि कोणत्याही रूपात प्रकटणारा हा रोग म्हणजे त्या पिढीच्या डॉक्टरांचे विद्यापीठच होते. बेहचेत यांनीही आपली उमेद उपदंशाच्या अभ्यासात ओतली.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पंचविशीत होते. युद्धकाळात कर्कलारेली आणि नंतर एदिर्ने येथील लष्करी रुग्णालयांत त्यांनी काम केले. युद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अधिक शिक्षणासाठी ते प्रथम बुडापेस्टला आणि तेथून बर्लिनच्या प्रसिद्ध शारिते रुग्णालयात गेले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. साम्राज्य कोसळले होते आणि राजधानी परकीय सैन्याच्या ताब्यात होती. त्यांनी खासगी व्यवसाय सुरू केला.

खुणा वाचणारा वैद्य

१९२३ मध्ये तुर्कस्तान प्रजासत्ताक झाले. त्याच वर्षी इस्तंबूलच्या हासकॉय भागातील गुप्तरोग रुग्णालयाचे प्रमुख म्हणून बेहचेत यांची नेमणूक झाली. थोड्याच महिन्यांत ते गुराबा रुग्णालयात गेले आणि तेच पुढे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र ठरले. त्याच वर्षी रेफिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना गुलेर नावाची एक कन्या झाली.

त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे बारीक खुणा हेरणारी नजर. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा आणि चेहऱ्यावर कायमचा व्रण ठेवणारा ‘ओरिएंटल सोअर’ हा त्वचारोग तुर्कस्तानात पुष्कळ आढळे. त्या व्रणावरची खपली काढून उलटी केली तर तिच्या आतल्या बाजूस खिळ्यासारखी टोके दिसतात. बेहचेत यांनी ही खूण निदानासाठी वर्णिली. अंजिरांमुळे होणाऱ्या त्वचादाहाचाही त्यांनी अभ्यास केला. खपली उलटून पाहण्याची ही सवय क्षुल्लक वाटेल, परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाची बीजे तीतच होती.

पहिला रुग्ण

१९२४-२५ च्या सुमारास त्यांच्याकडे एक पुरुष रुग्ण आला. तोंडात आणि जननेंद्रियावर वारंवार व्रण आणि डोळ्यांना पुन:पुन्हा येणारी सूज, अशी त्याची कैफियत होती. इस्तंबूल आणि व्हिएन्ना येथील अनेक नामांकित डॉक्टरांचे उंबरे त्याने झिजवले होते. इस्तंबूलच्या नेत्रवैद्यांनी उपदंश, क्षय किंवा जंतुसंसर्ग यांपैकी कशामुळे तरी बुबुळाच्या रंगीत पडद्याला दाह झाला असल्याचे म्हटले होते. व्हिएन्नाच्या तज्ज्ञांनी एखाद्या अज्ञात सूक्ष्म परोपजीवीवर बोट ठेवले होते. त्या पडद्याचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रियाही त्याच्यावर एकाहून अधिक वेळा झाली. तरीही त्याची दृष्टी पूर्णपणे गेली.

रुग्ण आंधळा झाल्यावर त्याची फाइल बंद होणे स्वाभाविक होते. बेहचेत यांनी ती बंद केली नाही. उपदंशाचे जाणकार म्हणून हा उपदंश नव्हे, हे सांगण्याचा अधिकार त्यांना होता आणि तेवढे त्यांना निश्चितपणे उमगले होते. मग हे आहे तरी काय, याचे उत्तर मात्र नव्हते. ते त्या रुग्णाला वर्षानुवर्षे तपासत आणि नोंदी ठेवत राहिले.

१९३० मध्ये एक स्त्री रुग्ण आली. डोळ्यांची जळजळ, तोंडातील व्रण आणि जननेंद्रियावरील व्रण या तिच्या तक्रारी कित्येक वर्षे येत-जात होत्या. बेहचेत यांनी व्रणांचे तुकडे काढून तपासले. क्षय, उपदंश, बुरशी असे एकेक कारण पडताळून पाहिले आणि एकेक बाद केले. हाती काही लागले नाही. परंतु दुसऱ्या रुग्णाच्या चेहऱ्यामागे त्यांना पहिला रुग्ण दिसू लागला होता.

निर्वासित सहकारी

१९३३ मध्ये तुर्कस्तानात उच्च शिक्षणाची नवी घडी बसवण्यात आली. जुने ‘दारुलफुनून’ बंद करून त्याच्या जागी इस्तंबूल विद्यापीठ स्थापन झाले आणि बेहचेत यांच्याकडे त्वचारोग व गुप्तरोग विभागाचे प्राध्यापकपद आले. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकलण्यात आले. त्यांपैकी अनेकांना या नव्या विद्यापीठाने आश्रय दिला. फ्रँकफर्टहून आलेले योसेफ इगर्सहायमर नेत्रविभागाचे प्रमुख झाले. डोळ्यातील उपदंश या विषयावर त्यांनी ग्रंथ लिहिलेला होता. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ह्यूगो ब्राउन हेही फ्रँकफर्टचेच. त्वचा, डोळा आणि प्रयोगशाळा ही तिन्ही अंगे अशा रीतीने एकाच आवारात आली. त्वचारोग व उपदंश यांना वाहिलेले एक नियतकालिकही बेहचेत यांनी १९३४ मध्ये सुरू केले आणि ते १९४७ पर्यंत चालवले. त्याच १९३४ साली तुर्कस्तानात आडनावाचा कायदा झाला, तेव्हा त्यांनी वडिलांचे नाव आडनाव म्हणून स्वीकारले.

१९३६ मध्ये तिसरा रुग्ण आला, तोही दंत विभागातून. तोंडात ठरावीक काळाने उठणारे व्रण, पाठीवर मुरमांसारखे फोड, वृषणावर व्रण, डोळ्यांची जळजळ, संध्याकाळी येणारा ताप आणि पोटदुखी असे त्याचे स्वरूप होते. आता बेहचेत यांना शंका उरली नाही. १९३७ मध्ये एका जर्मन त्वचारोग साप्ताहिकात त्यांनी तोंड, डोळा आणि जननेंद्रिय यांवर पुन:पुन्हा येणाऱ्या व्रणांचा हा स्वतंत्र रोग असल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी पॅरिस येथील त्वचारोगतज्ज्ञांच्या सभेतही त्यांनी तो विषय मांडला आणि १९३८ मध्ये अधिक तपशीलवार लेख लिहिला.

स्वकीयांचाच विरोध

या प्रतिपादनाचे स्वागत झाले असे नाही. नेत्रवैद्य हळूहळू ते मान्य करू लागले. परंतु बेहचेत यांचे स्वत:चे समव्यवसायी, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञच, दीर्घकाळ अडून बसले. ही सारी लक्षणे आधीच ठाऊक असलेल्या कोणत्या ना कोणत्या त्वचारोगाची आहेत, असा त्यांचा आग्रह होता. वाद चालू असतानाच बेल्जियम, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, अमेरिका, जपान अशा देशांतून तशाच रुग्णांच्या नोंदी येऊ लागल्या.

ही लक्षणे पूर्वी कोणाच्याच नजरेस पडली नव्हती असेही नाही. हिप्पोक्रॅटिसच्या नावावरील प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथात अशा वर्णनाचा उल्लेख असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभीही काही डॉक्टरांनी सुटी वर्णने केली होती. विशेष म्हणजे बेनेडिक्टोस अदामांतियादिस या ग्रीक नेत्रवैद्याने १९३० मध्ये अथेन्स येथे अशाच एका तरुणाची माहिती सादर केली होती आणि पुढच्या वर्षी ती फ्रेंच नेत्रवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. म्हणून काही ठिकाणी या रोगाला अदामांतियादिस-बेहचेत असे जोडनावही देतात. ग्रीक आणि तुर्क यांच्यातील युद्धाच्या जखमा ताज्या असताना एजियन समुद्राच्या दोन तीरांवरचे हे दोन वैद्य एकाच रोगाचा माग काढत होते.

अदामांतियादिस यांनी १९४६ मध्ये आणखी एक महत्त्वाचा दुवा जोडला. या रुग्णांच्या नीलांना दाह होऊन त्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, हे या रोगाचे चौथे प्रमुख लक्षण असल्याचे त्यांनी दाखवले. रोगाचे खरे घर कोठे आहे, याचे उत्तर त्यात दडलेले होते. हा रोग मुळात त्वचेचा नव्हे, डोळ्याचाही नव्हे. तो रक्तवाहिन्यांचा आहे. लहान-मोठ्या, रोहिण्या आणि नीला अशा सर्व प्रकारच्या वाहिन्यांना तो ग्रासू शकतो, तरी नीलांवर त्याचा विशेष रोख असतो.

डोळ्याच्या बाबतीत या आकलनाने चित्रच पालटले. बेहचेत यांच्या काळात नजरेत भरे तो डोळ्याचा पुढचा भाग. बुबुळामागे पांढऱ्या पेशींचा थर पाण्यातल्या गाळासारखा तळाशी साचे आणि दाह ओसरला की दिसेनासाही होई. मात्र दृष्टी कायमची जाते ती मागच्या दृष्टिपटलातील नुकसानीमुळे. दाहाच्या प्रत्येक झटक्यात तेथील काही वाहिन्या बुजतात, पटलाचा मध्यभाग सुजतो आणि नेत्रमज्जातंतू निस्तेज होतो. प्रत्येक झटका आपली वजाबाकी करून जातो. १९६१ मध्ये शिरेतून फ्लुरोसिन हे रंगद्रव्य टोचून दृष्टिपटलाची छायाचित्रे घेण्याची पद्धत वर्णिली गेली. नुसत्या तपासणीत निरोगी भासणाऱ्या वाहिन्याही पाझरत असल्याचे अशा छायाचित्रांत उघड दिसते. पहिल्या रुग्णाच्या बुबुळावर केलेल्या शस्त्रक्रिया निष्फळ का ठरल्या असाव्यात, याचा उलगडा यातून होतो.

चुकलेले कारण, अचूक निरीक्षण

रोगाच्या कारणाविषयी मात्र बेहचेत यांचा तर्क टिकला नाही. ब्राउन यांना व्रणांतील द्रवात विषाणूंसारखे कण दिसले होते आणि त्यावरून बेहचेत यांनी १९३७ च्या लेखाच्या शीर्षकातच विषाणूला कारण ठरवले. तसा विषाणू पुढे कोणालाही सिद्ध करता आला नाही. १९७३ मध्ये जपानी संशोधकांनी या रोगाचा पेशींवरील एका आनुवंशिक खुणेशी संबंध दाखवला. तीच आज एचएलए-बी ५१ या नावाने ओळखली जाते. ही खूण असलेल्या सर्वांनाच रोग होत नाही आणि रोग झालेल्या सर्वांत ती आढळत नाही. आनुवंशिक कल आणि बाहेरचे एखादे निमित्त यांच्या संयोगातून संरक्षक यंत्रणा बिथरते, असे आजचे मत आहे. भूमध्य समुद्रापासून जपानपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे प्राचीन रेशीम मार्गाच्या वाटेवर, हा रोग अधिक आढळतो आणि तुर्कस्तानात त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे. जपानमध्ये प्रौढांना येणाऱ्या अंधत्वाचे ते एक महत्त्वाचे कारण होते. त्यामुळे तेथे १९७२ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र संशोधन समिती नेमली गेली.

भारतात हा रोग तुलनेने विरळा आहे. मात्र दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांचा दाह भारतीयांना अपरिचित नाही. बर्मिंगहॅमचे नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये तरुण पुरुषांच्या दृष्टिपटलात वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन केले. ईल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा रोग पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ झाला असला तरी भारतीय उपखंडात तो अधिक आढळतो आणि त्याचा संबंध क्षयरोगाशी लावला जातो. अशा रुग्णांच्या डोळ्यांतील नमुन्यांत क्षयजंतूंचे जनुकीय द्रव्य शोधण्याचे महत्त्वाचे काम चेन्नईच्या शंकर नेत्रालयात झाले आहे. पडद्यावर दिसणारा दाह सारखाच, परंतु मागे क्षय आहे, उपदंश आहे की बेहचेत, यावर उपचाराची दिशा ठरते. क्षय असताना केवळ दाहशामक औषधे दिली तर रोग बळावू शकतो, आणि बेहचेत असताना क्षयाची औषधे दिली तर मौल्यवान महिने वाया जातात. एकेक कारण पडताळून बाद करण्याची १९३० मधील ती पद्धत आजही तितकीच आवश्यक आहे.

नाव राहिले

१९४७ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत झुरिचचे प्राध्यापक मिशर यांच्या सूचनेवरून या रोगाला बेहचेत यांचे नाव देण्यात आले. मान्यतेचा हा क्षण त्यांच्या वाट्याला जेमतेम आला. ८ मार्च १९४८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५९ वर्षांचे होते. आपले बहुतेक महत्त्वाचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांत मांडणाऱ्या या वैद्याची कीर्ती मायदेशापेक्षा बाहेरच अधिक होती, असे त्यांचे समकालीन म्हणत. १९७५ मध्ये तुर्कस्तानच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्यांना मरणोत्तर पुरस्कार दिला आणि १९८० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले.

या रोगाने येणारे अंधत्व रोखण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले आणि त्यातील एक मोठे पाऊल इस्तंबूलमध्येच पडले. स्टेरॉइडने झटका शमतो, पण एकट्या स्टेरॉइडच्या बळावर दृष्टी टिकत नाही, हे दिसून आले होते. हसन याझिजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अझाथायोप्रिन हे औषध डोळ्यांचे रक्षण करते असे आढळले. पुढे दाह पेटवणाऱ्या विशिष्ट प्रथिनाला रोखणारी इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब यांसारखी इंजेक्शने आली. ती महाग आहेत आणि ती देण्यापूर्वी शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग नाही ना, हे पाहावे लागते. तरीही रोग लवकर ओळखला गेला तर आज अनेक रुग्णांची नजर वाचते. बेहचेत यांच्या पहिल्या रुग्णाच्या काळी असा कोणताच आधार नव्हता.

रोग ओळखण्यासाठी एकच निर्णायक रक्तचाचणी मात्र आजही नाही. निदान होते ते लक्षणांची सांगड घालून. म्हणूनच एखादा तरुण अंधुक नजरेची तक्रार घेऊन येतो आणि त्याच्या दृष्टिपटलातील वाहिन्या सुजलेल्या दिसतात, तेव्हा नेत्रवैद्य त्याला तोंड वारंवार येते का, आणखी कोठे व्रण होतात का, असे विचारतो. डोळ्याच्या दवाखान्यात हा प्रश्न रुग्णाला काहीसा विचित्र वाटतो. तो विचारण्याची रीत पडली त्यामागे गुराबा रुग्णालयातील त्या तीन केसपेपरांचा वाटा मोठा आहे.